तांब्याची नाणी फोटोत काळी किंवा भडक केशरी का येतात?

पांढऱ्या कागदावर ठेवलेली तांब्याची नाणी फोटोत काळवंडतात आणि फ्लॅश लावला की मधोमध केशरी डाग चमकतो, यावर उपाय कोणता, असे आपण विचारले आहे. मी इंदूरला राहतो आणि होळकरी तांब्याची नाणी जमवतो. माझ्या मते इथे कॅमेऱ्यापेक्षा दिव्याची जागा अधिक महत्त्वाची आहे.

काळेपणाचे कारण सोपे आहे. चौकटीतला उजेड सरासरीने मध्यम राखाडी यावा, अशा हिशेबाने कॅमेरा एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी किती उजेड घ्यायचा ते, ठरवतो. चौकटीत पांढरा कागदच जास्त असेल, तर तो उजेड कमी करतो आणि नाणे अंधारात जाते. त्यामुळे पार्श्वभूमी राखाडी ठेवावी किंवा स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतल्या एका लहान भागापुरता उजेड मोजण्याच्या सोयीने, केवळ नाण्यावरचा उजेड मोजावा. केशरी डागाचे कारण वेगळे आहे. तांबे लाल प्रकाश भरपूर आणि निळा कमी परावर्तित करते, म्हणून एकूण हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत हे दाखवणारा आलेख) ठीक दिसत असतानाही लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, आधीच कमाल मर्यादेपर्यंत भरलेला असू शकतो आणि तेवढ्या भागातले बारकावे नाहीसे होतात. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम स्वतंत्रपणे पाहावेत.

आता दिवे. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करावा, कॅमेरा नाण्याच्या बरोबर वर ठेवावा आणि एकाच प्रकारचे दोन एलईडी दिवे घड्याळातल्या दहा आणि दोन या आकड्यांच्या दिशेने बरेच उंचावर लावावेत. खिडकीचा उजेड त्यात मिसळू देऊ नये, नाहीतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळणी, कशावर धरावा हेच ठरत नाही. दिव्यापुढे बटर पेपरचा एक तुकडा पुरतो. नाण्याला चहूबाजूंनी पांढऱ्या कागदाने वेढण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण तो मला पटत नाही, कारण त्याने सावल्याच उरत नाहीत आणि नाणे पुठ्ठ्याच्या चकतीसारखे सपाट दिसते. शिवाजीराव होळकरांच्या (१८८६–१९०३) अर्ध्या आण्यावरचा बसलेला नंदी झिजलेला असेल, तर दोनऐवजी एकच दिवा टेबलाजवळ उतरवून तिरपा उजेड टाकावा. उठाव थोडासाच उरला असला तरी त्याची सावली पडते आणि अक्षरेही वाचता येतात. याउलट, यशवंतराव होळकरांचा चेहरा असलेला १९३५ चा अर्धा आणा मूळ चमक टिकवून असेल, तर नाण्यावर ४५ अंशांत साधी काच धरून बाजूचा उजेड तिच्यावरून खाली वळवावा आणि फोटो काचेतूनच घ्यावा. काळपट, झिजलेल्या नाण्याला ही युक्ती फारशी उपयोगी पडत नाही.

नाणे उजळ यावे म्हणून ते चिंचेने किंवा पितांबरीने घासू मात्र नका. तो काळपट थर परत येत नाही आणि संग्राहकांच्या लेखी नाण्याची किंमत घसरते.

मोबाइल असेल तर फार जवळ जाऊ नये, कारण त्याचीच सावली नाण्यावर पडते. थोडे दूर राहून दुप्पट झूम घ्यावा आणि नाण्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करावे. कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/८, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर ठेवल्यास शटर कितीही मंद चालते. नाणे काही हलत नाही.