रोजच्या वापराच्या मोटारसायकलमध्ये शंभर ऑक्टेनचे पेट्रोल, ऑक्टेन बूस्टर किंवा रेसिंगचे इंधन घालावे का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकत्र आले आहेत. तुमची २०२२ सालची यामाहा आर१५ मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना किटकिट असा आवाज करते. त्यावर एका मित्राने शंभर ऑक्टेनचे पेट्रोल सुचवले, दुसऱ्याने ऑक्टेन बूस्टरची बाटली हातात दिली, आणि तिसरा रेसिंगचे इंधन किंवा ‘विमानाचे पेट्रोल’ मिळवून देतो म्हणतो. यांतले काय घालावे आणि त्याने पॉवर वाढेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरातच दुचाकींच्या इंजिनांचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न दर उन्हाळ्यात माझ्यापुढे येतो. थोडक्यात सांगायचे तर पॉवर वाढणार नाही. आवाज कदाचित थांबेल, पण तो ज्या कारणाने येतो ते कारण तसेच राहील, आणि बाटली किंवा रेसिंगचे इंधन वापरल्यास एखादा महागडा भाग निकामी होण्याची शक्यता वर पदरी पडेल.

ऑक्टेनचा आकडा इंधनात किती ऊर्जा आहे हे सांगत नाही. सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते, आणि ती पोहोचण्याआधी कडेचे पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबाने व उष्णतेने तापत असते. ते मिश्रण ज्योतीची वाट न पाहता स्वतःच एकदम पेटले की दाबाचा धक्का बसतो, आणि आपल्याला ऐकू येणारे नॉकिंग ते हेच. इंधन या आपोआप पेटण्याला किती दाद देत नाही, ते ऑक्टेन सांगतो. आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला शून्य धरून, कंप्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते) कमीजास्त करता येणाऱ्या एका सिलिंडरच्या चाचणी इंजिनावर हा आकडा ठरवतात. म्हणजे तो सहनशक्तीचा आकडा आहे. इथेनॉलचे उदाहरण पाहा. त्याचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, तरी एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरते.

इंजिनाला जेवढी सहनशक्ती लागते त्याहून जास्त असलेले इंधन घातले तर ती जास्तीची सहनशक्ती वापरली जाण्यासाठी कोणीतरी ठिणगी थोडी आधी पाडायला हवी. काही मोठ्या गाड्यांत नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर असतो. तिथे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, चांगले इंधन ओळखून ठिणगीची वेळ पुढे सरकवू शकतो आणि थोडाफार फरक जाणवतो. आपल्याकडच्या शंभर ते चारशे सीसीच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये हा सेन्सर नसतो. त्यांचा ईसीयू कारखान्यात ठरवलेल्या नकाशाप्रमाणे (मॅपप्रमाणे) इंजिनाचा वेग, थ्रॉटल आणि तापमान पाहून ठिणगी पाडतो. टाकीत ९१ ऑक्टेनचे पेट्रोल आहे की १०० चे, हे त्याला कळायला मार्ग नाही. तुमच्या गाडीचे कंप्रेशन ११.६ ला १ आहे, जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांपेक्षा बरेच जास्त, आणि म्हणून मित्रांना वाटते की तिला उंची पेट्रोल हवेच. परंतु चार व्हॉल्व्हचे हेड, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि नेमके फ्युएल इंजेक्शन या तिन्हींमुळे एवढे कंप्रेशन साध्या पेट्रोलवर निभावते. तुमच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी किती ऑक्टेन चालेल ते छापलेले असते; ते पान आधी उघडा.

इथे एक बारीक गोंधळ नेहमी होतो, तो सांगून टाकतो. अमेरिकेतल्या पंपांवरचा आकडा दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो आणि आपल्याकडचा आकडा त्यांतल्या एकाच, रिसर्च पद्धतीचा असतो. त्यामुळे तिकडचे ८७ म्हणजे साधारण आपले ९१, आणि तिकडचे ९३ म्हणजे आपले ९७-९८. तिकडच्या चर्चा वाचून ‘आपले पेट्रोल त्यांच्या प्रीमियमच्या तोडीचे’ असा निष्कर्ष काढू नये, आणि उलटा काढून घाबरूही नये.

आता आपल्या पंपांवर काय मिळते ते पाहू. साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन पूर्वी ८८ होता, बीएस-६ या प्रदूषण-नियमांत तो ९१ आहे. पुढे वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर तो ९५ पर्यंत गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात म्हटले आहे. महागड्या नळीतून इंडियन ऑइलचे एक्सपी९५, भारत पेट्रोलियमचे स्पीड ९७, हिंदुस्थान पेट्रोलियमचे पॉवर ९९ अशी नावे मिळतात. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० आणले, ते मथुरेच्या रिफायनरीत तयार होते आणि दिल्लीत त्या वेळी लिटरला १६० रुपये भाव होता. जे इंजिन ९१ वर चालायला बांधले आहे त्याला साध्या नळीतून ९५ मिळत असताना ते नॉकिंग करत असेल, तर उणीव ऑक्टेनची नाही असेच मी मानतो. २०२२ च्या गाडीबाबत इथेनॉलचा वेगळा विचार करावा लागतो, कारण वीस टक्के इथेनॉलला टिकणारे रबर आणि सीलचे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले. पण तो भागांच्या टिकण्याचा प्रश्न आहे, नॉकिंगचा नाही.

शंभर ऑक्टेनच्या पंपाच्या पेट्रोलाने गाडीचे नुकसान होत नाही, हेही स्पष्ट करतो. ते शिसेविरहित असते, सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधत नाही, फक्त खिशाला बाधते. साधे आणि शंभरचे निम्मे-निम्मे भरले तर आकडा साधारण दोन्हींच्या मध्ये येतो, म्हणून हौस असलीच तर तसे भरा.

बूस्टरच्या बाटलीचे मात्र तसे नाही. बाटलीवर ‘३० पॉइंट वाढतात’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. या व्यापारात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग, म्हणून तीस पॉइंट म्हणजे ९१ चे ९४, १२१ नव्हे. बाटली बहुधा चारचाकीच्या पन्नासेक लिटरच्या टाकीसाठी असते आणि तुमच्या टाकीत ११ लिटर मावतात. ३०० मिलिलिटरची बाटली ५० लिटरसाठी असेल तर तुमच्या पूर्ण टाकीला ६६ मिलिलिटर पुरतात; लोक मात्र अंदाजाने अर्धी बाटली ओततात. आत काय आहे तेही पाहावे लागते. टोल्यूइन, झायलीन किंवा अल्कोहोल असेल तर ते जळून जाते. मोठ्या प्रमाणात घातल्याशिवाय फारसा परिणामही दिसत नाही. थोड्याशा द्रवात मोठा परिणाम दाखवणाऱ्या बाटल्यांत बहुधा मँगनीजचे एमएमटी नावाचे संयुग किंवा लोखंडाचे फेरोसीन असते. धातू जळून नाहीसा होत नाही, त्याचे ऑक्साइड मागे उरते. युरोपात पेट्रोलमधल्या मँगनीजवर लिटरला २ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक गाडी आली होती. वरच्या आरपीएमला ती अडखळत होती आणि मालकाची खात्री होती की पेट्रोल पंप गेला. प्लग काढला तेव्हा त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर, टोकापासून वरपर्यंत, गेरू फासल्यासारखा तांबूस थर होता. नखाने खरवडला तरी निघेना. हा थर तापल्यावर विजेला वाट करून देतो, मग ठिणगी फटीत न पडता चिनी मातीवरून ओघळून जाते आणि इंजिन त्या फेऱ्याला गप्प बसते. नवीन प्लग बसवल्यावर गाडी सुधारली. हाच थर पुढे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर आणि कन्व्हर्टरच्या बारीक जाळीवरही बसतो, आणि ते भाग प्लगसारखे चारशे-पाचशे रुपयांत मिळत नाहीत. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत सेन्सरने चुकीचा संदेश दिला की ईसीयू मिश्रण चुकीचे ठेवतो, आणि त्यातून आणखी नॉकिंग सुरू होऊ शकते.

रेसिंगच्या इंधनाबद्दल लोकांच्या कल्पना फार उंच असतात. मोटोजीपीच्या नियमांत इंधनाचा रिसर्च ऑक्टेन ९५ ते १०२ च्या दरम्यानच असावा लागतो. तिथला वेग इंजिनाच्या बांधणीतून येतो. ड्रममध्ये मिळणारी खास रेसिंग इंधने दोन प्रकारची असतात. काहींत अजूनही शिसे असते, आणि शिसे कन्व्हर्टरला व ऑक्सिजन सेन्सरला कायमचे निकामी करते. भारतात २००० सालीच शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, त्यामागे माणसांच्या प्रकृतीइतकेच हेही कारण होते. दुसऱ्या प्रकारात मुद्दाम ऑक्सिजन असलेली द्रव्ये मिसळतात, त्यामुळे त्यांना इंधन जास्त द्यावे लागते. ट्रॅकवरच्या गाडीला त्याप्रमाणे मॅप लिहिलेला असतो; तुमच्या कारखान्यातून आलेल्या मॅपवर हे इंधन घातले तर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि तापमान वाढते. पॉवरसाठी घातलेल्या गोष्टीने पिस्टनच जळण्याचा धोका आहे.

विमानाचे पेट्रोल म्हणून जे सांगतात त्यात तर दुहेरी घोटाळा आहे. आपल्या सोनेगावच्या विमानतळावरून उडणारी प्रवासी जेट विमाने जे इंधन भरतात ते केरोसिनच्या जातीचे असते आणि त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी असतो. ते टाकीत गेले तर नॉकिंग आणखी वाढेल. पंख्याच्या लहान प्रशिक्षण विमानांचे पेट्रोल निराळे, पण प्रचलित १००एलएल या प्रकारात शिसे असते. दोन्ही तुमच्या गाडीसाठी निरुपयोगी आहेत.

मग तुमच्या गाडीतला आवाज कशाचा? आधी तो नॉकिंगचाच आहे का ते पाहा. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजत असतील किंवा टायमिंग चेन सैल असेल तर आवाज न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीतही येतो आणि आरपीएमबरोबर वाढतो. नॉकिंग ओझ्याखाली येते, थ्रॉटल उघडल्यावर येते, आणि थ्रॉटल मिटताच त्या क्षणी बंद होते.

नॉकिंगच असेल तर सर्वांत आधी गिअर तपासा, आणि मला बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. आर१५ ची कमाल पॉवर १०,००० आरपीएमला आहे. अशा इंजिनाला मागे माणूस बसवून पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने पुलावर चढवले आणि थ्रॉटल पूर्ण पिळला, तर आरपीएम कमी असल्याने कडेच्या मिश्रणाला तापून आपोआप पेटायला भरपूर वेळ मिळतो. त्यात आपला मे महिना. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तेवढे नसले तरी ४५ अंशांची हवा आणि खालच्या डांबराची धग गाडी आत ओढत असते, आणि आत येणारी हवा जितकी तापलेली तितके नॉकिंग लवकर. चढाआधी दोन गिअर खाली या. आवाज गेला तर पुढचे काही करायलाच नको.

तरीही राहिला, तर कूलंटची पातळी थंड इंजिनात पाहा, रेडिएटरच्या पात्यांत चिखल आणि किडे साचले आहेत का ते पाहा, आणि उभ्या गाडीत तापल्यावर पंखा चालू होतो का याची खात्री करा. प्लग बदलताना दुकानदाराने ‘हाही बसतो’ म्हणून दुसऱ्या उष्णता-क्रमांकाचा (प्लग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो ते सांगणारा आकडा) दिला असेल तर तोही गुन्हेगार असू शकतो. फक्त शहरात कमी अंतरावर फिरलेल्या गाडीच्या पिस्टनच्या माथ्यावर कार्बन साचून कंप्रेशन थोडे वाढलेले असते. एअर फिल्टरनंतरच्या रबराला चीर गेली असेल किंवा इंजेक्टर अर्धा बुजला असेल तर मिश्रण पातळ होते, आणि पातळ मिश्रण जास्त तापते.

पेट्रोलबद्दलच संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा. तो ग्राहकाला देणे पंपाला बंधनकारक आहे. नळीच्या तोंडाजवळून एक थेंब कागदावर पाडा; शुद्ध पेट्रोल काही मिनिटांत डाग न ठेवता उडून जाते, केरोसिन किंवा डिझेलची भेसळ असेल तर तेलकट कडा राहते. घनताही मोजून मागता येते. १५ अंशांना ती घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोग्रॅम असायला हवी. मात्र मेच्या दुपारी काढलेले वाचन तक्त्यावरून १५ अंशांवर आणल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि पंपावरचा माणूस घाईत हे टाळतो; तुम्ही आग्रह धरा.

जास्त ऑक्टेन खरोखर लागतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे ज्यांच्या मॅन्युअलमध्येच ९५ किंवा त्याहून जास्त मागितले आहे अशा गाड्या. डुकाटीच्या पॅनिगाले व्ही४ चे कंप्रेशन १४ ला १ आहे, तिथे काटकसर करण्यात शहाणपण नाही. दुसरे म्हणजे ज्यांच्या इंजिनात मोठ्या कंप्रेशनचा पिस्टन घातला आहे, हेड घासून घेतले आहे किंवा ईसीयूचा मॅप बदलून ठिणगी पुढे आणली आहे. अशा गाडीला ते पेट्रोल रोज लागते, आणि गडचिरोलीच्या वाटेवरच्या एखाद्या लहान पंपावर ते मिळाले नाही तर परतीचा प्रवास हळूच करावा लागतो. याचा हिशेब मॅप बदलण्याआधी करावा.

वरच्या सगळ्या गोष्टी पाहूनही आवाज येत राहिला, तर एका टाकीपुरते स्पीड ९७ भरून पाहायला हरकत नाही. पण चाचणी नीट करा. आधीचे पेट्रोल जवळजवळ संपू द्या, नवीन भरल्यावर वीस-तीस किलोमीटर चालवा म्हणजे नळीतले जुने संपेल, आणि मग त्याच पुलावर, त्याच गिअरमध्ये, तितक्याच ओझ्याने, दुपारी त्याच सुमारास चढवा. आवाज पूर्ण थांबला तर तुमच्या इंजिनात कार्बन किंवा तापमानाचा काहीतरी प्रश्न आहे असे समजून ही नोंद सर्व्हिस सेंटरला सांगा आणि इंजिनाच्या आत कॅमेरा घालून पिस्टनचा माथा पाहायला लावा. जराही फरक पडला नाही, तर आवाज टॅपेटचा किंवा चेनचा आहे, असे धरून त्यांना तिकडे पाहायला सांगा.