गुलमोहर तोडण्याआधी

प्रश्न : नेरूळमधील आमच्या सोसायटीच्या आवारात जुना गुलमोहर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची मोठी फांदी उभ्या गाडीवर कोसळली, शिवाय मुळांनी पेव्हर ब्लॉक उचलले आहेत. झाड तोडून तेथे ‘पिवळा गुलमोहर’ लावावा, असे काही सभासद म्हणतात. योग्य काय? छायाचित्र सोबत जोडले आहे.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : छायाचित्रात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पेव्हर ब्लॉक बुंध्याला अगदी भिडवून बसवले आहेत. आणि गाड्यांच्या बाजूच्या फांद्या वारंवार छाटल्या गेल्याने झाडाचा सगळा भार कुंपणाकडे झुकला आहे. माझ्या मते आपल्या तक्रारीचे मूळ झाडापेक्षा या दोन गोष्टींत अधिक आहे.

गुलमोहर मूळचा मादागास्करच्या कोरड्या, पानगळीच्या जंगलातला. त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि मुळे उथळ पसरतात, हे खरेच आहे. पण जमीन दाबून वर फरशी घातली की हवा आणि पाणी फक्त वरच्या थरात उरते, मुळे तेथेच जाडावतात आणि ब्लॉक उचलले जातात. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपणही निदान तेवढी जागा मोकळी करून तेथे पालापाचोळा पसरावा. ब्लॉक काढताना वर आलेली जाड मुळे मात्र कृपया तोडू नयेत, कारण वादळात झाडाला तीच धरून ठेवतात.

छाटणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान तेथेच होते. फांदी मध्येच तोडून खुंट ठेवला की तो कुजतो आणि त्याच्या टोकाशी फुटव्यांचा झुबका येतो. हे फुटवे भराभर वाढतात, पण त्यांचा सांधा वरवरचा असतो आणि पुढे पावसाच्या भाराने तेच निखळतात. फांदी जेथून निघते तेथे फुगीर कडे दिसते. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाने गळलेली असताना करावे. ऐन मे महिन्यात, झाड लालभडक फुलले असताना त्यावर करवत चालवणे मला तरी बघवत नाही.

तत्पूर्वी झाडाची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी. बुंध्याशी अळंबीचे कडक तवे उगवले असतील, लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल किंवा झुकावाच्या विरुद्ध बाजूस माती भेगाळली असेल, तर धोका खरा आहे आणि झाड काढणे योग्य ठरू शकते. मात्र १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी त्यासाठी आवश्यक आहे.

आता ‘पिवळा गुलमोहर’. रोपवाटिकेत या नावाने बहुधा सोनमोहर, म्हणजेच पेल्टोफोरम मिळतो. तो गुलमोहराच्याच शिंबी कुळातला असला तरी वेगळा वृक्ष आहे: फुलांचे तुरे ताठ उभे, शेंगा तांबूस आणि चपट्या. तोही प्रचंड वाढतो आणि वाऱ्यात मोडतो, त्यामुळे अदलाबदलीने काही साधणार नाही. नवे झाड लावायचेच असेल तर त्याच कुळातला, आपल्या मातीतला आणि आटोपशीर वाढणारा बहावा निवडावा. परंतु तो या गुलमोहराला हटवून नव्हे, तर कुंपणालगत दुसरी मोकळी जागा शोधून लावावा.