विचारा, सांगतो: शिडाची बोट आणि बंदराचा चॅनल

प्रश्न: मी नागपूरच्या धरमपेठचा. कॉलेजात असताना एनसीसीच्या नेव्हल विंगमधून अंबाझरी तलावावर शिडाची बोट शिकलो, आता नोकरीसाठी मुंबईत आहे आणि रविवारी क्लबच्या बोटीवर जातो. इंजिनवाल्यानं शीडवाल्याला वाट द्यायची असं आम्हाला शिकवलं होतं, पण इथले सर जहाजांच्या चॅनलकडे, म्हणजे मोठ्या जहाजांच्या खोल पाण्याच्या वाटेकडे, फिरकूच देत नाहीत, बंदराचा नियम आहे म्हणतात. काहून? नियम बदलला का?

उत्तर: नियम बदलला नाही भाऊ, त्याचा पुढचा भाग तुला कोणी सांगितला नाही. समुद्रावर टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 चे, 1977 पासून लागू, सगळे त्यांना कोलरेग म्हणतात. त्यातल्या 18 व्या नियमात तू म्हणतो ते आहेच, पण त्याची सुरुवातच अशी आहे की 9, 10 आणि 13 हे नियम वेगळं सांगत असतील तर ते आधी. आणि 9 वा आहे अरुंद चॅनलचा. 20 मीटरपेक्षा लहान कोणतीही बोट, आणि शिडाची बोट मग ती कितीही मोठी असो, तिनं फक्त चॅनलमधूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही. अंबाझरीवर असं जहाजच नाही, म्हणून तिथे हा नियम कोणाला आठवत नाही.

मी जहाजावर नोकरी केली आहे, ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीतून, काय दिसतं ते पाहिलंय, म्हणून कळकळीनं सांगतो. समजा 300 मीटरचं कंटेनर जहाज न्हावा शेवाला येऊन राहिलं. समोर कंटेनरच्या थप्प्या, त्यामुळे नाकासमोरचं पाणी दिसतच नाही, आणि नियमानं ही न दिसणारी जागा 500 मीटरपर्यंत असू शकते. तुझं पांढरं शीड त्या थप्पीखाली गेलं की पायलट (बंदरात वाट दाखवायला जहाजावर चढलेला) आणि कॅप्टन दोघंही ब्रिजच्या टोकाला धावतात, ते कोणत्या बाजूनं बाहेर येतं बघायला, आणि तोवर त्यांच्या हातात काहीच नसतं. फुल स्पीडवरून इंजिन उलटं फिरवून थांबायला जहाजाच्या 15 लांब्या लागल्या तरी ते आंतरराष्ट्रीय मापात बसतं, म्हणजे या जहाजाला साडेचार किलोमीटर. चॅनलमध्ये स्पीड कमी असतो हे खरं, पण फारच कमी केला तर सुकाणूला पाणी लागत नाही, जहाज ऐकत नाही आणि ओहोटीची ओढ त्याला आडवं ढकलते. वळावं म्हटलं तर नाक उजवीकडे गेलं की मागचा भाग डावीकडे झाडल्यासारखा फिरतो, आणि चॅनलबाहेर गाळ. फाटकात मालगाडीसमोर उभं राहून हक्क सांगण्यासारखं आहे हे.

आता हिशोब कर. तुझी बोट 4 नॉटनं (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चालली तर मिनिटाला साधारण सव्वाशे मीटर, चॅनल 400 मीटर रुंद धर, ओलांडायला तीन मिनिटांच्या वर. 12 नॉटचं जहाज तेवढ्यात बाराशे मीटर पुढे आलेलं असतं. हेही वारा टिकला तर, कारण जहाज जवळ आलं की त्याच्या आडोशानं वारा पडतो, शीड लटकतं आणि तू नेमका मधोमध.

म्हणून बोयांच्या, म्हणजे चॅनलची कड दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, बाहेरून चाल. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोये डावीकडे, हिरवे उजवीकडे. जहाजाला खोल पाणी लागतं, तुझ्या बोटीला थोडक्यात भागतं, फक्त चार्ट आणि भरतीचं टेबल बघून निघ. ओलांडायचंच असेल तर जहाज गेल्यावर, त्याच्या मागून, काटकोनात. आणि येणारं जहाज तुझ्या बोटीच्या डोलकाठीला धरणाऱ्या एखाद्या तारेच्या रेषेत धरून बघ, ते तिथून सरकतच नसेल आणि मोठं मोठं होत असेल तर टक्कर ठरलेली आहे, लगेच दिशा बदल.

जहाजाची जबाबदारी संपली असं मात्र नाही, धोका दिसला की त्यालाही नियम पाळावेच लागतात. पण इंग्लंडमध्ये 2011 च्या काउज वीक या शिडाच्या बोटींच्या शर्यतींमध्ये एक रेसिंग यॉट टँकरसमोरून गेली, तिचं शीड टँकरच्या नांगरात अडकलं आणि कोर्टात दोषी ठरला तो यॉटचा स्किपर. तिथे 150 मीटरपेक्षा मोठ्या जहाजासमोर 1000 मीटर आणि दोन्ही बाजूंना 100 मीटर जागेत शिरायला बंदी आहे. तुझे सर तुला अडवतात ते बरोबरच करतात.

प्रश्न: मुलगी मुंबईत शिकते, तिनं सेलिंग जॉइन केलं. डिसेंबर 2024 मध्ये एलिफंटाच्या फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली तेव्हापासून मला झोप नाही. क्लबला काय विचारू? (मनीषनगर)

उत्तर: ताई, तुमची काळजी रास्त आहे, माणसं गेली त्यात. तिचं सेलिंग बंद नका करू, पण क्लबला फोन करून सरळ विचारा की मुलं पाण्यात असताना इंजिनवाली सेफ्टी बोट सोबत असते का, नुसती धक्क्याला बांधलेली नाही, सोबत. त्या बोटीवर व्हीएचएफ रेडिओवर चॅनल 16, म्हणजे संकटात हाक मारायचा चॅनल, कोण ऐकतं? ओहोटी लागायच्या आधी मुलं परत येतात का? वारा पडला आणि ओहोटी असली तर छोटी बोट जहाजांच्या वाटेकडे वाहत जाते, हे पालकांना कोणी सांगत नाही आणि मला ते सगळ्यात जास्त टोचतं. लाइफ जॅकेट तिच्या मापाचं हवं आणि सगळे पट्टे लावलेले, सैल जॅकेट पाण्यात पडल्यावर वर सरकून तोंडावर येतं. या प्रश्नांवर क्लबवाले चिडले तर दुसरा क्लब बघा.

प्रश्न: एलिफंटाला जाताना एका मोठ्या जहाजानं पाच वेळा भोंगा दिला, आमची बोट एकदम वळली. काय होतं ते? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: पाच किंवा जास्त छोटे, भराभर भोंगे म्हणजे तुमचा इरादा मला कळला नाही किंवा तुम्ही पुरेसं करून राहिले नाही असं मला वाटतं. तुमच्या सारंगानं ऐकलं आणि वळला, चांगला सारंग होता. एक छोटा भोंगा असला तर मी उजवीकडे वळतोय, दोन असले तर डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं चालवून राहिलो.