बारा खोल्या, बाराही रिकाम्या

प्रिय मित्रा,

तुझी संहिता वाचली. खलनायकाला तू तीन पानांचं बालपण दिलंयस: दारुडा बाप, पट्ट्याचे वळ, पळून गेलेली आई. ती पानं काढून टाक. दुःख असं सांगून टाकलं की प्रेक्षक त्याची पावती फाडतो आणि पुढे सरकतो.

हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) पुन्हा बघ. न्हाणीघरातल्या खुनासाठी नाही, त्याआधीच्या सँडविचसाठी. भर पावसात एक बाई मोटेलवर येते. हायवे दुसरीकडून गेल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही. बारा खोल्या, बाराही रिकाम्या. मोटेल चालवणारा नॉर्मन तिच्यासाठी सँडविच आणि दूध आणतो, पेंढा भरलेल्या पक्ष्यांमध्ये बसतो आणि तिला खाताना बघत राहतो. स्वतः घासही घेत नाही. मित्रांबरोबर जातोस का कुठे, असं ती विचारते. तो म्हणतो, मुलाची सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणजे त्याची आई. पुढे ती भल्या हेतूनेच सुचवते, आईला कुठेतरी ठेवावं. तो पुढे झुकतो, आवाज गार पडतो.

रॉबर्ट ब्लॉकच्या मूळ कादंबरीतला नॉर्मन चाळिशीचा, जाडा, दारू पिणारा आहे. पडद्यावर अँथनी पर्किन्सचा लाजरा पोरगा आला आणि त्याला घरी जेवायला बोलवावंसं वाटू लागलं. म्हणून तर खुनानंतर तो त्या बाईची गाडी दलदलीत ढकलतो आणि ती बुडता बुडता थांबते, तेव्हा आपलाही श्वास अडकतो. कुणासाठी, याचा विचार कर.

शेवटी डॉक्टर सगळं उलगडून सांगतात, ते मला कायम लांबलेलं वाटतं. (तुझी तीन पानं त्याच जातीची.) पण त्यात एक गोष्ट कळते. बाप गेल्यावर मायलेक जगापासून तुटून दोघंच राहिले. मग आईच्या आयुष्यात पुरुष आला आणि पोराने दोघांनाही विष दिलं. म्हणजे माया अगदीच नव्हती असं नाही. सगळ्या गावाला एकच विहीर, तसं होतं. नुसता एकटेपणा कुणाला खुनी करत नाही. एकटी माणसं बहुधा टीव्ही लावून निमूट झोपतात. नॉर्मनला मात्र जे हरवायचं नाही, त्यात तो पेंढा भरतो. पक्षी काय, मेलेली आई काय.

तुझ्या पान १९ वर तो शेजारच्या पोराचं घड्याळ दुरुस्त करून देतो आणि पैसे घेत नाही. हे तू सहज लिहून गेलायस. तिथून सुरू कर. पोरगा घड्याळ घेऊन निघायला लागला की हा काय करतो, तेवढंच लिहून रविवारी घेऊन ये.

तुझी,
ताई