जुन्या फोर-बाय-फोर ट्रकमध्ये खटका आणि थरथर: डिफरन्शियल बदलण्याआधी काय तपासाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रक जुना, पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (एरवी मागच्या दोन चाकांवर चालणारा, गरजेपुरती चारही चाकांना ताकद देणारा). पहिल्या गिअरमधून रिव्हर्सला टाकताना खालून ‘खट्’ असा आवाज येतो, वेग वाढला की पायाखालचा पत्रा थरथरतो, आणि मेकॅनिक म्हणतोय डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला, शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरसंच) गेलाय, अख्खा बदला. बदलावा का?

माझं मत: आत्ताच नको. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं आधी प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याकडे, बोट दाखवतात. क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी) झिजला की तो बहुतेक वेळा घुमतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर, पाय काढला की वेगळा. वेगाबरोबर वाढणारी थरथर हे सहसा त्याचं काम नसतं.

जुन्या गाडीत प्ले (सांध्यातली मोकळीक) एकाच जागी नसतो, हे आधी लक्षात घ्या. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारी पेटी), शाफ्टचे क्रॉस (टोकांचे कोनात फिरणारे सांधे), स्लिप जॉइंटच्या (शाफ्टच्या लांबीत सरकणाऱ्या जोडाच्या) स्प्लाइन म्हणजे खाचा, क्राऊन-पिनियन, ॲक्सलच्या स्प्लाइन, सगळीकडे थोडा थोडा असतो आणि त्याची बेरीज एका खटक्यात ऐकू येते. त्यामुळे नुसत्या आवाजावरून पार्ट ठरवणं मला अजिबात पटत नाही. खाली शिरून हाताने बघावं लागतं.

शिरण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हे मी कळकळीने सांगतोय. लँड रोव्हरच्या सिरीज मॉडेलांसारख्या काही जुन्या फोर-बाय-फोरमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकात नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट सोडवला की हँडब्रेकही गेला आणि गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीचा आधारही गेला. गाडी उतारावर असेल तर ती तुमच्या अंगावरून जाईल.

आता गिअर न्यूट्रलला टाका. क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉसला धरणारा दुबेळका) एका हाताने, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या हाताने धरा आणि उलट दिशांना पिळा. मग वर-खाली ढकला. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला जाणवेल असा प्ले नसतो. जाणवला तर तो क्रॉस संपला. क्रॉसच्या टोकावरच्या बेअरिंगच्या कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तरी तेच, आतलं ग्रीस वाळून बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत. हळू चालताना वेगाच्या लयीत चुकचुक ऐकू येत असेल तर तिचाही उगम बहुधा तिथेच. स्लिप जॉइंटमध्ये किंचित प्ले चालतो. मग पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतो ती चकती) धरून हलवा. गोल फिरवताना थोडी मोकळीक असणारच, पण तो वर-खाली किंवा आत-बाहेर हलला तर पिनियनची बेअरिंग गेली आहे आणि मग मेकॅनिकच्या म्हणण्यात तथ्य आहे.

थरथर पुढची की मागची हे ओळखायला पार्ट-टाइम गाडीत एक सोपी युक्ती चालते: पुढचा शाफ्ट काढून ठेवा आणि टू-व्हीलवर चालवून बघा. थरथर थांबली तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये. मात्र शाफ्टचं टोक थेट ट्रान्सफर केसच्या आत सरकत असेल तर ते काढताच तेल वाहील, अशा गाडीत हे करू नका.

शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही तुकड्यांवर पेंटने खूण करा. एकटा क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढे जाणारी गती एकसारखी राहत नाही; प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. दुसरा क्रॉस हा चढ-उतार भरून काढतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. स्लिप जॉइंट एका दाताने चुकून बसला तर कोरे क्रॉस टाकूनही गाडी थरथरते. तुमच्या ट्रकचं सस्पेन्शन कुणी उंच केलं असेल तर कोन बिघडलेले असू शकतात, तेही बघा.

क्रॉस बसवताना घाई नको. सर्कलिप (कप अडवून धरणारी स्प्रिंगची कडी) काढा, वाइसमध्ये एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट धरून जुना कप दाबून बाहेर काढा. नवा कप आत जाताना क्रॉसचं टोक त्यात सरळ शिरलेलं ठेवा, म्हणजे सुया जागच्या जागी राहतील. कप शेवटचा मिलिमीटरभर आत जाईना आणि सर्कलिप खाचेत बसेना, तर एखादी सुई पडून कपाच्या तळाशी आडवी झाली आहे. अशा वेळी हातोडा उचलू नका. कप काढा, सुया ग्रीसने चिकटवा, पुन्हा बसवा. शेवटी चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत गन चालवा, आणि क्रॉस सगळ्या दिशांना न अडखळता वळतोय ना ते हाताने बघा.

पिनियनचं ऑइल सील गळत असेल तर मेकॅनिक नट सोडून सील बदलेल आणि नट पाइप लावून करकचून आवळेल. तसं होऊ देऊ नका. पुष्कळ डिफरन्शियलमध्ये आत एक चेपणारी नळी असते. तिच्या चेपण्यावर बेअरिंगचा ताण ठरतो आणि ती एकदाच नीट चेपते. नट सोडण्याआधी त्याची जागा पंचाने नोंदवून ठेवावी, किंवा नवी नळी घालून मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे ताण मोजावा. आणि सील बदलण्याआधी हौसिंगवरचा ब्रीदर (हवा जाण्या-येण्याचं लहान भोक) साफ करा. तो चोंदला की आतली गरम हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते, मग नवं सीलही गळतं.

तेल काढायचं असेल तर आधी भरायचं बूच सुटतंय का बघा. ते गंजून बसलेलं असेल आणि तुम्ही खालचं आधी काढलंत, तर रिकामा डिफरन्शियल घेऊन बसाल. चुंबकाच्या बुचावर करडा लेप असणं साहजिक आहे, दाताचे तुकडे नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. डिफरन्शियलला सहसा जीएल-५ दर्जाचं गिअर तेल लागतं, पण पितळी सिंक्रो असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला मॅन्युअल जीएल-४ सांगत असेल तर तेच घाला.

एवढं करूनही घूं घूं राहिली आणि दात खरंच झिजलेले निघाले, तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदला. ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एक नवा आणि एक जुना टिकत नाही. जुना अख्खा डिफरन्शियल आणून टाकणार असाल तर त्याचं प्रमाण पुढच्याशी जुळलंच पाहिजे. क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे १० दात म्हणजे ४.१०. गाडीवरचं प्रमाण न उघडताही कळतं: इतर चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, शाफ्टवरचा हँडब्रेक असेल तर सोडलेला, एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅक आणि स्टँडवर. साध्या डिफरन्शियलमध्ये हे उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. चारहून जरासे जास्त आले तर प्रमाण ४.१० च्या आसपास आहे. पुढच्या ॲक्सललाही हब लॉक करून (म्हणजे चाकं ॲक्सलशी जोडून) हीच मोजणी करा. पार्ट-टाइममध्ये मध्ये डिफरन्शियल नसतो, त्यामुळे पुढचं-मागचं प्रमाण वेगळं निघालं तर फोर-व्हील लावताच दोन्ही शाफ्ट एकमेकांविरुद्ध ओढतात, आणि कडक रस्त्यावर ट्रान्सफर केस किंवा तुम्ही नुकताच बसवलेला क्रॉस तुटतो.