अन्ननलिकेचा कॅन्सर चौथ्या टप्प्यात असताना दोन-तीन औषधांची केमो एकत्र देणं खरंच गरजेचं असतं का?

तुमच्या प्रश्नातलं 'डॉक्टर दोन औषधं म्हणताहेत, पण कॅनडातला भाऊ म्हणतो तीन द्यायला सांगा' हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. एरवी मी आजारपणाच्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही.

असा एक भाऊ आमच्याकडेही आहे, फक्त आमचा न्यू जर्सीत असतो. अण्णांना अन्ननलिकेच्या मधल्या भागात कॅन्सर निघाला, स्क्वॅमस जातीचा, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा. आपल्याकडे बहुतेक हाच असतो. तोवर लिव्हरमध्ये गाठी गेल्या होत्या, म्हणजे ऑपरेशनचा विषय संपलेला. डॉक्टरांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर आठवड्याला कमी डोसमध्ये, डे-केअरला यायचं आणि संध्याकाळी घरी, असं ठरवलं. कार्बोप्लॅटिनच्याच जातीचं सिस्प्लॅटिन का नाही, तर अण्णांना जुनी शुगर आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं. सिस्प्लॅटिन किडनीला झेपायला हवं. कार्बोप्लॅटिनचा डोस किडनी किती चालते ते बघून काढतात, त्यामुळे तिथे निभावतं.

दादाने रात्रीत एक पेपर शोधून व्हॉट्सॲपवर टाकला. डोसिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू, तिन्ही एकत्र. 'इथे स्ट्राँग देतात. तिथे योजनेत बसतं म्हणून स्वस्तातलं गळ्यात मारताहेत.' आमचं महात्मा फुले योजनेतून चाललं होतं, म्हणून ते जास्त लागलं. ओपीडीत त्याने व्हिडिओ कॉलवरून डॉक्टरांना तेच ऐकवलं. मागे पेशंटची रांग, अण्णा स्टुलावर बसून थुंकीसाठी धरलेला डबा सांभाळताहेत, आणि हा टक्केवारी सांगतोय. डॉक्टर सभ्य होते. एवढंच म्हणाले, 'यांचं वजन किती उतरलंय ते विचारा आधी.'

तो पेपर मी नंतर स्वतः वाचला. 2006 चा आहे. अभ्यास जठराच्या आणि जठर-अन्ननलिकेच्या सांध्यावरच्या अॅडेनोकार्सिनोमाचा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींतून होणाऱ्या कॅन्सरचा, अण्णांचा आजारच नव्हे. त्यातही तीन औषधांवर सरासरी आयुष्य 9.2 महिने, दोनवर 8.6. अठरा-वीस दिवसांचा फरक. त्या बदल्यात पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरलेले पेशंट तीन औषधांत 82 टक्के, दोनमध्ये 57 टक्के. अण्णांना तेव्हा ताकसुद्धा घोटघोट जात होतं. त्या अंगात तिसरं औषध घालणं म्हणजे उपाशी बैलाला दुसरी गाडी जुंपणं.

आता तुमचा प्रश्न. दोन औषधं एकत्र देतात कारण दोघांचं काम वेगळं. प्लॅटिनमवालं (कार्बोप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिन) पेशीच्या डीएनएला चिकटून ती दुभंगू देत नाही. पॅक्लिटॅक्सेल दुभंगताना लागणारे धागे गोठवून टाकतं. एका औषधापेक्षा दोनवर गाठ आक्रसण्याची शक्यता जास्त, आणि गाठ आक्रसली की गिळणं सुधारतं. चौथ्या टप्प्यात आपल्याला मुख्यतः तेच हवं असतं. आयुष्यात पडणारी भर मात्र थोडी असते. माणूस फार खंगलेला असेल तर एकच औषध देणारे डॉक्टर कामचुकार नसतात.

पण मला विचाराल तर औषधं किती, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, पोटात अन्न कसं जाणार? आमच्याकडे खरी लढाई नाकातल्या नळीवरून झाली. दादा म्हणाला, 'नळी घातली म्हणजे तुम्ही हरलातच.' मी घालून घेतली. नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी, ताक, सगळं दोनदा गाळून, दर दोन तासांनी. केमोच्या दिवशी डेक्सा हे स्टेरॉइड देत, मग शुगर वर उसळायची, ते वेगळं सांभाळायचं. वजन थांबलं, रक्तातल्या पेशींचे काउंट टिकले, केमो वेळेवर होत गेली. काही आठवड्यांनी अण्णांनी नळी असतानाच दुधात कुस्करलेली भाकरी मागितली आणि ती उतरली. पुढच्या गणपतीपर्यंत होते. दादा अजूनही म्हणतो, तीन औषधं दिली असती तर.

दादाला शोधच घ्यायचा होता तर इम्युनोथेरपीचा घ्यायचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधांचा. सिस्प्लॅटिन-फाइव्ह-एफयूबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब दिल्यावर सरासरी आयुष्य 9.8 वरून 12.4 महिन्यांवर गेलं, निवोलुमॅब जोडल्यावर 10.7 वरून 13.2 वर. गाठीत पीडी-एल1 हे प्रथिन जास्त असेल तर फायदा अधिक. खर्च मात्र जमीन विकायला लावणारा. टाटा मेमोरियलने तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅबचा फक्त 20 मिलिग्रॅमचा डोस वापरून चांगला परिणाम दाखवलाय, पण तो अन्ननलिकेचा अभ्यास नव्हता. तरी डॉक्टरांकडे विषय काढायला हरकत नाही.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो, हे आधीच सांगायला हवं होतं. तुमच्या वडिलांचा रिपोर्ट अॅडेनोकार्सिनोमा म्हणत असेल तर मी लिहिलेलं बरंचसं बदलतं. तिथे गाठीच्या पेशींवरचं हर-टू हे प्रथिन तपासून घ्या, पॉझिटिव्ह आलं तर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध जोडतात. फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिन ठरलं तर डीपीवायडी या जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा, काहींच्या शरीरात ते औषध मोडतच नाही आणि जिवावर बेततं. ऑक्सॅलिप्लॅटिन दिलं तर माठातलं पाणीसुद्धा बंद, गार काही लागलं की घसा आवळल्यासारखा होतो.

आणि नाकातली नळी वडिलांना सहन होत नसेल तर पोटातून घालायची नळी, स्टेंट (अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी), आतून रेडिएशन असे पर्याय असतात. कोणता बसेल ते केमोच्या पहिल्या फेरीच्या आधी विचारा. भावाला फोन नंतर करा.