अंगावर पाजत असताना चौथ्या महिन्यात आलेली पाळी

बाळ अंगावर पीत असताना पाळी आली तर शरीरात काही बिघडले आहे का, आणि पाळी आली नाही तर पुन्हा दिवस तर गेले नाहीत ना, असे उलट टोकांचे दोन प्रश्न बाळंतिणी आमच्याकडे घेऊन येतात. पुष्कळदा हे दोन्ही प्रश्न एकाच बाईच्या मनात एकाच वेळी ठाण मांडून बसलेले असतात. सोलापूरच्या पूर्व भागातील वस्तीत समुपदेशन करताना भेटलेल्या रेणुकाचे (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तसेच झाले होते. तिच्या घरी घडलेल्या गोष्टींतून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नीट उलगडतात, म्हणून तिची हकीकत येथे सविस्तर देत आहे.

मे महिन्याच्या मध्यावर ती सासूबाईंबरोबर आली, तेव्हा तिचा मुलगा साडेपाच महिन्यांचा होता. बाळंतपणानंतरचे अंगावरून जाणे सव्वा महिन्यात पूर्ण थांबले होते. मार्चमध्ये, म्हणजे बाळाला चौथा महिना लागल्यावर, तिला पाळी आली आणि ती 7 दिवस बऱ्यापैकी जास्त गेली. त्यानंतर तीन आठवड्यांतच पुन्हा दोन दिवस नुसते डाग दिसले, आणि तेव्हापासून महिना उलटून गेला तरी काहीच नव्हते. पहिल्या पाळीच्या वेळी सासूबाईंनी ‘या दिवसांतलं दूध बाळाला बाधतं’ म्हणून चार दिवस बाळाला अंगावर घेऊ दिले नाही आणि पिशवीतले दूध पाणी घालून चमच्याने पाजले. दुसऱ्या वेळीही तेच झाले. आता पाळी लांबल्यावर रेणुकाला दिवस राहिल्याची धास्ती वाटत होती, तर सासूबाईंची तक्रार वेगळीच होती. ‘माझ्या थोरल्या सुनेला वर्षभर पाळी नव्हती की! हिलाच कशी इतक्या लवकर आली? हिचं दूधच पातळ असणार,’ असे त्या रेणुकाच्या देखत सांगत होत्या, आणि रेणुका मान खाली घालून बाळाच्या टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत बसली होती.

अशा वेळी पाळीच्या तारखांचा हिशेब करण्याआधी मी बाळाच्या पिण्याचा हिशेब विचारते, कारण पाळी लवकर किंवा उशिरा येण्याचे कारण बहुधा तिथेच सापडते. ‘बाळ अंगावर पितं का?’ असे विचारले की प्रत्येक आई ‘हो’ म्हणते आणि ते खरेच असते. परंतु त्या ‘हो’मधून काहीच कळत नाही. म्हणून मी रेणुकाला आदल्या दिवसाचे पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचे सगळे सांगायला लावले. पहाटे पाच वाजता तिने बाळाला पाजले. स्वयंपाक उरकल्यावर नऊच्या सुमारास पुन्हा पाजले. मग ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली. महाशिवरात्रीच्या सुमारास तिने हे काम पुन्हा सुरू केले होते. ठरलेल्या विड्या वळून संध्याकाळी कारखान्यात द्यायच्या असल्यामुळे मध्ये उठणे परवडत नव्हते, त्यामुळे दुपारी बाळ रडले की सासूबाई त्याला वरचे दूध पाजून झोळीत घालत. उन्हाळा कडक असल्याने घसा सुकू नये म्हणून अधूनमधून चमचाभर पाणीही चालूच होते. चार वाजता तिने बाळाला घेतले, त्यानंतर थेट रात्री झोपताना. नवऱ्याची यंत्रमागावर रातपाळी आणि दिवसभर बसून रेणुकाची पाठ मोडलेली, म्हणून तिला झोप मिळावी या चांगल्याच हेतूने सासूबाई बाळाला रात्री आपल्याजवळ घेत आणि तो उठला की वाटीतले दूध देत. सांगता सांगता रेणुकाच थांबली आणि म्हणाली, ‘ताई, म्हणजे दिवसरात्रीत तो माझ्याकडे चारदाच आला.’

पाळी का आली, याचे उत्तर या चार वेळांतच होते. बाळ स्तन चोखते तेव्हा त्याचा संदेश मज्जातंतूंमार्फत आईच्या मेंदूपर्यंत जातो. एकीकडे त्यामुळे दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि दुसरीकडे बीजकोषाला चालना देणारी संप्रेरके दबून राहतात. स्त्रीबीज पक्व होत नाही, गर्भाशयाचे अस्तर पाळी येण्याइतके वाढत नाही, आणि पाळी थांबून राहते. मात्र हा दाब टिकण्यासाठी चोखणे वारंवार व्हावे लागते, आणि प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक वाढत असल्यामुळे रात्रीचे पाजणे विशेष महत्त्वाचे ठरते. दिवसा सात तास आणि रात्री त्याहून जास्त अंतर पडू लागले, मध्ये वरचे दूध आणि पाणी आले, की बीजकोष हळूहळू कामाला लागतो. ज्या बाळंतिणी अंगावर अजिबात पाजत नाहीत, त्यांना बहुधा दीड-दोन महिन्यांतच पाळी येते. पूर्ण अंगावर पाजणाऱ्यांना सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ येत नाही. रेणुकासारख्या आया या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतात. त्यातही शरीराशरीरात फरक असतोच. दिवसरात्र पाजूनही एखादीला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पाळी येते, आणि तोही बिघाड नसतो.

सासूबाईंच्या दुधाबद्दलच्या शंकेला मी स्पष्ट उत्तर दिले, कारण त्या शंकेपायी बाळाचे नुकसान होत होते. पाळीच्या दिवसांत दूध नासत नाही, पातळ होत नाही, बाळाला बाधत नाही आणि पाळीच्या रक्ताचा दुधाशी कोणताही संबंध येत नाही. काही आयांना पाळीच्या आधी किंवा पाळीत एखाद-दोन दिवस दूध थोडे कमी वाटते, स्तनाग्रे दुखरी होतात, बाळ किरकिर करते. अशा वेळी बाळाला वारंवार अंगावर घेणे हाच उपाय असतो. नेमक्या त्याच दिवसांत चार दिवस पाजणे बंद केले, तर स्तन तटतात, दूध उतरायचे कमी होते, आणि मग ‘पाळी आल्यामुळे दूध आटले’ ही समजूत खरी ठरल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात पाजणे थांबवल्यामुळे दूध आटत असते. मी हे सांगत असताना सासूबाईंनी मध्येच विचारले, ‘मग आम्ही जे पाळलं, ते सगळं चुकीचंच होय?’ या प्रश्नात राग नव्हता, वाईट वाटणे होते. त्यांनी रात्ररात्र जागून नातवाला सांभाळले होते, आणि ते सांभाळणे बाळाला आईजवळ नेऊन देण्याच्या रूपाने चालू ठेवता येईल, एवढेच मी त्यांना सुचवले.

नंतर मी थोरल्या सुनेबद्दल विचारले, आणि तिची हकीकत ऐकल्यावर वर्षभर पाळी न येणे ही नुसतीच शुभ खूण राहिली नाही. तिचा पहिला मुलगा दहा महिन्यांचा असताना तिला दुसऱ्या खेपेचे दिवस गेले होते, आणि मध्ये एकदाही पाळी न आल्यामुळे पोट दिसू लागेपर्यंत घरात कोणालाच ते कळले नव्हते. ‘अंगावर पितं तोवर राहत नाहीत’ या भरवशावर ते सगळे निर्धास्त होते. ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती पूर्ण खोटी नसल्यामुळेच अधिक फसवी आहे. 1988 मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी यावर एकमताने जे सांगितले, ते आजही ग्राह्य आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, ते पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंगावरच पीत असेल, आणि आईला पाळी आलेली नसेल, तर दिवस राहण्याची शक्यता 100 जणींत 2 पेक्षा कमी असते. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात, आणि पाजण्याच्या दोन वेळांत दिवसा 4 तासांहून व रात्री 6 तासांहून अधिक अंतर पडू नये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या 8 आठवड्यांतले रक्त यात पाळी म्हणून धरत नाहीत. तीनपैकी एकही अट मोडली, की हा भरवसा संपतो, कारण स्त्रीबीज आधी बाहेर पडते आणि गर्भ राहिला नाही तर त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी पाळी येते. बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसण्याच्या आतच दिवस राहू शकतात, हे थोरलीच्या बाबतीत घडले होते, आणि अशा घटना आम्हाला वरचेवर ऐकायला मिळतात. रेणुकाच्या बाबतीत तर वरचे दूध सुरू झाले त्या दिवसापासूनच हा भरवसा उरला नव्हता. मला तर वाटते, बाळंतिणीला घरी सोडताना बाळाच्या लसींची माहिती जितक्या आस्थेने दिली जाते, तितक्याच आस्थेने हीदेखील द्यायला हवी.

तरीही रेणुकाला दिवस गेलेच असतील, असे मात्र नव्हते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही पाळ्यांत पुष्कळदा स्त्रीबीज तयारच होत नाही, त्यामुळे एक पाळी जास्त जाते, एक नुसती डाग दाखवून जाते, एक तीन आठवड्यांत येते आणि पुढची दीड-दोन महिन्यांनी. अंगावर पाजणे चालू असेपर्यंत हा अनियमितपणा राहू शकतो. मात्र अंदाजावर विसंबण्याचे कारण नव्हते. आशाताईंकडे लघवी तपासण्याचे निश्चय किट असते. रेणुकाने सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी केली आणि एकच रेघ आली. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे पुरे झाले नव्हते, म्हणून ते होईपर्यंत निरोध वापरून मग पुन्हा तपासायला सांगितले. दुसऱ्या वेळीही एकच रेघ आली. रक्ताच्या तपासणीत मात्र हिमोग्लोबिन साडेनऊ निघाले. बाळंतपणानंतर 180 दिवस रोज घ्यायच्या लोहाच्या लाल गोळ्या तिने शौचाला काळे होते म्हणून दुसऱ्याच महिन्यात बंद केल्या होत्या. शौचाचा रंग त्या गोळ्यांनी बदलतोच आणि त्याने अपाय होत नाही, हे कळल्यावर तिने त्या पुन्हा सुरू केल्या. गोळी चहाबरोबर न घेता जेवणानंतर काही वेळाने लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितले. पाळी अनियमित आणि जास्त जात असेल, त्या काळात ही कमतरता भरून काढणे फार गरजेचे असते.

पाजण्याची घडी तिच्या कामाला धरूनच बसवावी लागली, कारण विड्या सोडून दे असा सल्ला देणे सोपे असले तरी त्या घराला तो परवडणारा नव्हता. कामाला बसण्याआधी आणि दुपारी निदान दोनदा सासूबाईंनी बाळाला तिच्याकडे आणायचे ठरले. तंबाखूची धूळ हातांवर आणि कपड्यांवर बसते, म्हणून पाजण्याआधी साबणाने हात स्वच्छ धुवायचे आणि कामाच्या कपड्यांवर घातलेला जुना सदरा काढून ठेवायचा. रात्री बाळ आईच्या कुशीत झोपेल, आणि सकाळचे पाणी भरण्याचे काम सासूबाई बघतील, म्हणजे रेणुकाला तासभर जास्त झोप मिळेल. सहा महिने पुरे होईपर्यंत वरचे दूध नाही आणि पाणीही नाही. सोलापुरात पारा 40 अंशांच्या वर गेला, तरी आईच्या दुधातले पाणी बाळाला पुरते, फक्त त्याला जास्त वेळा पाजावे लागते. असे केल्याने पाळी पुन्हा थांबेल, अशी आशा मी तिला दाखवली नाही. एकदा सुरू झालेली पाळी बहुधा येत राहते. पाजणे वाढवायचे ते बाळासाठी.

पुढच्या भेटीला तिचा नवराही रातपाळी संपवून आला, आणि दोघांनी मिळून पाळणा लांबवण्याबद्दल विचारले. पुढच्या गर्भधारणेआधी निदान 24 महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला तांबी, दर तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या यांपैकी निवड करता येते. माला-एनसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते व त्याने दूध कमी होऊ शकते, म्हणून त्या बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत टाळतात. या प्रत्येक साधनाने पाळी कशी बदलेल, हे मी आधीच सांगते. तांबीने सुरुवातीचे काही महिने पाळी जास्त जाऊ शकते, अंतरा इंजेक्शनने अधूनमधून डाग दिसतात किंवा पाळी बंद होते, छायाने पाळीचे अंतर लांबू शकते. हे माहीत नसले, की आधीच गोंधळलेली बाई घाबरून साधन मध्येच सोडते आणि मग नको असताना दिवस जातात. हिमोग्लोबिन वाढेपर्यंत निरोध वापरावा आणि नंतर डॉक्टरांच्या तपासणीनंतर तांबीचे ठरवावे, असे त्या दोघांनी ठरवले.

डॉक्टरांकडे विनाविलंब कधी जायचे, तेही रेणुकाला सांगून ठेवले आहे. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल आणि असे सलग दोन-तीन तास चालले, मोठ्या गाठी पडू लागल्या, पाळी आठ दिवसांच्या पुढे गेली, स्रावाला दुर्गंधी येऊन ताप किंवा ओटीपोटात दुखणे असेल, तर ही बाळंतपणानंतरची साधी अनियमितता समजून थांबू नये. अंगावर पाजणे पूर्ण बंद करून तीन महिने झाले तरी पाळी आली नाही, तर गर्भधारणेची आणि थायरॉइडची तपासणी करावी. आणि ज्या बाईला बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता, नंतर दूधच उतरले नाही आणि पाळीही आली नाही, तिने तर वाट पाहूच नये. अशा रक्तस्रावात मेंदूतील पीयूषिका ग्रंथीला इजा झालेली असू शकते आणि तिच्यावर आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात.

जूनमध्ये रेणुकाला पुन्हा पाळी आली, पाच दिवस गेली, आणि त्या पाचही दिवस तिने बाळाला पाजले. पाळीच्या तारखा आता ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. बाळाला सहा महिने पुरे झाल्यावर नाचणीची पेज आणि मऊ वरणभात सुरू झाला असून अंगावरचे दूधही चालू आहे. थोरल्या जावेने तांबीबद्दल तिच्यामार्फत विचारणा केली होती, तेव्हा पुढच्या वेळी दोघींनी बरोबरच यावे, असा निरोप मी पाठवला आहे.